आमच्या घरातली कॅल्शियमबंदी

आमच्या घरात पथ्य दोघांचं एकच असतं. तसा काही ठराव झालेला नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मला कावीळ झाली आणि बायकोनेही माझ्याबरोबर बिनतेलाचं, बिनतिखटाचं जेवायला सुरुवात केली. मी म्हणालो, "अगं, तुला काय झालंय?" ती म्हणाली, "तुमच्यासमोर बसून चमचमीत खायला मला नाही जमायचं." तेव्हापासून हा रिवाजच पडला. तिचं पित्त मी चहा सोडून काढलं. माझ्या मूतखड्यासाठी ती दिवसभर पाणी ढोसायची आणि शिकवता शिकवता वर्ग सोडून पळायची. खडा माझा पडला, पण हायसं तिला जास्त वाटलं. डॉक्टरांच्या दृष्टीने आम्ही दोन पेशंट असू, आमच्या स्वयंपाकघराच्या दृष्टीने एकच आहोत.

हे आधी सांगायचं कारण, पुढे जे झालं ते दुसऱ्या कुठल्याही घरात झालं नसतं. शेजारच्या विमावाल्यांनी तर तसं लेखी द्यायची तयारी दाखवली आहे.

सुरुवात बायकोच्या मनगटापासून झाली. ती शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. शाळेच्या ओल्या पायरीवरून पाय सटकला, ती उजव्या हातावर पडली आणि मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं तरी हाताला जोर येईना. पेला उचलला की पेलाच थरथरायचा. हाडांचे डॉक्टर म्हणाले की हाडं मुळातच विरळ झाली आहेत, त्यामुळे भरून यायला वेळ लागतोय. त्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या, दोन्ही वेळा पेलाभर दूध आणि हाताचे व्यायाम लिहून दिले.

मुख्याध्यापिका भेटायला आल्या. बाई मनाने वाईट नाहीत, पण शाळा चालवतात. म्हणाल्या, "सुट्टी संपेपर्यंत हात फळ्यावर चालायला हवा. नाहीतर मला तुम्हाला भांडारात बसवावं लागेल." भांडार म्हणजे खडू, डस्टर, फाटके नकाशे आणि मोडकी बाकं ठेवायची खोली. त्या गेल्यावर बायकोने डाव्या हाताने कपबश्या आवरल्या. मग म्हणाली, "पहिलीच्या मुलांना अक्षर बघून अक्षर येत नाही हो. अक्षर काढणारा हात बघून येतं." आणि थोड्या वेळाने, "त्या खोलीला खिडकी नाही."

तेव्हा सुट्टी संपायच्या आत तिचा हात फळ्यावर गेला पाहिजे, एवढा एकच विषय आमच्या घरात उरला. रिवाजाप्रमाणे मीही दोन्ही वेळा पेलाभर दूध प्यायला लागलो. दुधाची आणि माझी लहानपणापासून ओळख आहे, मैत्री नाही. पण मी नाक दाबून प्यायचो, ती माझ्याकडे बघून प्यायची आणि आमचं बरं चाललं होतं.

अशात एकदा मला चक्कर आली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, पाऱ्याकडे बघितलं, पुन्हा बांधला, पुन्हा बघितलं आणि चष्मा काढून ठेवला. डॉक्टरने चष्मा काढला की माणसाने घाबरावं. म्हणाले, "प्रेशर वाढलंय. गोळी सुरू करू." मी विचारलं, "ही गोळी नेमकं काय करते?" सरकारी खात्यातला माणूस कारण विचारल्याशिवाय काही घेत नाही.

डॉक्टर बिचारे उत्साही. त्यांनी टेबलावरच्या रबरी नळीचा तुकडा उचलला. "हे बघा, रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायू असतात. त्या स्नायूंच्या पेशींत कॅल्शियम शिरलं की ते आवळतात. ते आवळले की वाट अरुंद होते, आणि वाट अरुंद झाली की दाब वाढतो. ही गोळी कॅल्शियमला दारातच अडवते. स्नायू सैलावतात, वाट मोकळी होते." असं म्हणून त्यांनी नळी दाबून आणि सोडून दाखवली.

पुढेही ते काही बोलत होते. पण मला पुढचं ऐकायची गरज वाटली नाही, कारण हा विषय माझ्या पोटापाण्याचा आहे. मी पाणीपुरवठा खात्यात दाब विभाग बघतो. गावाच्या वरच्या बाजूला पाणी दाबाने येत नाही हे लोकांना माहीत असतं, का येत नाही हे मला माहीत असतं. आमची एखादी जुनी नळी कापून काढली की आत पांढरा कडक थर सापडतो. बाहेरून नळी मनगटाएवढी, आतून वाट करंगळीएवढी. तो थर म्हणजे पाण्यातला क्षार, आणि क्षार म्हणजे मुख्यतः कॅल्शियम. मी सबंध नोकरी ज्या शत्रूशी लढण्यात घालवली तो माझ्याच अंगात शिरून बसला होता, आणि मी त्याला दोन्ही वेळा पेला भरभरून रसद पुरवत होतो.

घरी येताना मी पुढचा विचार करत होतो. प्रश्न माझ्या दुधाचा नव्हता, ते सुटलं तर मला आनंदच होता. प्रश्न रिवाजाचा होता. दूध मला चालत नाही असं बायकोला कळलं की ती त्याच क्षणी स्वतःचं दूध बंद करणार. वाद घालायची सोय नाही, कावीळ साक्षीला आहे. आणि तिचं दूध बंद म्हणजे मनगट तसंच राहणार, आणि मग ती बिनखिडकीची खोली. तेव्हा तिला काही कळू द्यायचं नाही, दूध पितो असं भासवायचं आणि गुपचूप ओतून टाकायचं, असं मी ठरवलं. घरी गेल्यावर तिने विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" मी म्हणालो, "साधी गोळी आहे, दाबाची. ताण घेऊ नका म्हणाले."

दूध मोरीत ओतणं माझ्या जिवावर येत होतं. मग मला विमावाल्यांचा बोका आठवला. विमावाले म्हणजे आमचे भिंतीला भिंत शेजारी. सबंध आयुष्य विम्याचा धंदा केल्यामुळे ते कुठल्याही माणसाकडे तो आज ना उद्या जाणारच आहे अशा मायेने बघतात. त्यांच्या बोक्याचं नाव हप्ता, कारण तो चुकत नाही. आमच्या मागच्या बाजूला एक सामाईक गॅलरी आहे. तिथे आमच्या स्वयंपाकघराचं दार उघडतं आणि बेडरूमची खिडकीही. मी दोन्ही वेळा "गॅलरीत उभं राहून पितो गं, हवा बरी आहे" म्हणून पेला घेऊन बाहेर जायचो, ती आपला घेऊन बेडरूमकडे जायची, मी बेडरूमच्या खिडकीखाली हप्त्यासाठी ठेवलेल्या ताटलीत ओतायचो आणि ओठाला थोडी साय लावून आत यायचो. साय लावायची कल्पना मला स्वतःलाच फार आवडली होती.

एवढ्यावर भागलं असतं. पण माणसाला गुपित पोटात ठेवता येत नाही, आणि मी ते नेमकं विमावाल्यांपाशी मोकळं केलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. "कॅल्शियम?" ते म्हणाले. "साहेब, आमचे एक ग्राहक होते. धडधाकट. त्यांचंही असंच काहीतरी नळ्यांचं निघालं." मी विचारलं, "मग?" ते म्हणाले, "क्लेम आठवड्यात मंजूर करून दिला." मग त्यांनी मला नुसतं दूध सोडून कसं चालणार नाही ते समजावलं. दही आलं, पनीर आलं. दात घासायची पेस्ट आली, कारण तिच्यात खडूची पूड असते. भिंतींचा चुना आला, कारण तो श्वासातून जातो. "आणि पाणी," ते आवाज खाली आणून म्हणाले. "तुमच्याच खात्याचं पाणी."

हे शेवटचं मला लागलं. तरी मी घरी येऊन किटलीचं झाकण काढलं आणि आत डोकावलो. तळाला पांढरा थर होता. मी नखाने खरवडून बघितला आणि मला माझी छाती भरून आल्यासारखी वाटली.

मग मी पद्धतशीर कामाला लागलो. पेस्टच्या जागी मीठ आणलं. बेडरूमची भिंत पांढरी सुटत होती, तिच्यापासून पलंग ओढून खोलीच्या मध्यात आणला, त्यामुळे कपाटाचं दार अर्धंच उघडायला लागलं आणि आमचे कपडे हात घालून चाचपून काढावे लागायला लागले. बायको सरावासाठी शाळेतून एक छोटा फळा आणि खडूचा डबा घेऊन आली होती. खडू म्हणजे तर हवेत उडणारं कॅल्शियम. मी तिला म्हणालो, "तू पाण्यात बोट बुडवून लिही ना. अक्षर तर दिसतंच." कुठल्याही शिक्षिकेने या सूचनेवर मला वेड्यात काढलं असतं. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं, खडूचा डबा बंद केला आणि ओल्या बोटाने अक्षर काढायला लागली. अक्षर पुरं होईपर्यंत त्याचा पहिला भाग वाळून जायचा. तिने एका शब्दाने विरोध केला नाही, पलंगावरूनही नाही आणि मिठावरूनही नाही. मला त्याच वेळी संशय यायला हवा होता. मला वाटलं, माझा शब्द घरात चालायला लागला.

राहिलं पाणी. नळीवर बसवायचं एक क्षार काढणारं यंत्र मिळतं, ते मी आणलं. पण आमच्या खात्याचा नियम आहे की मुख्य नळीवर कसलंही यंत्र बसवायचं तर दाब विभागाची परवानगी लागते. हा नियम मीच आग्रहाने करून घेतला होता. मी रीतसर अर्ज केला. अर्ज दाब विभागात, म्हणजे माझ्याच टेबलावर आला. स्वतःच्या अर्जावर स्वतः सही करणं मला पटेना, म्हणून मी तो वर साहेबांकडे पाठवला. साहेबांनी तो "संबंधित विभागाचा अभिप्राय घ्यावा" असं लिहून खाली, म्हणजे पुन्हा माझ्याकडे पाठवला. मी नियमाप्रमाणे अभिप्राय दिला की अर्जदाराने पाणी जड असल्याचा पुरावा जोडलेला नाही. साहेबांनी अर्जदारास तसं कळवायला सांगितलं. मी मला तसं कळवलं. मग मी पुरावा म्हणून किटली कचेरीत नेली. टेबलावर किटली बघून तिघांनी चहा मागितला आणि एकाने तर आत भुकटी टाकून पाणी उकळायलाही ठेवलं. पुरावा नष्ट झाला असा शेरा मारून मी माझा अर्ज निकाली काढला. सबंध नोकरीत इतकं निःपक्ष काम माझ्या हातून झालं नव्हतं.

शेवटी मी नळवाल्याला बोलावून आमच्या घरातून वर जाणाऱ्या मुख्य नळीवर यंत्र गुपचूप बसवून घेतलं. त्याने ते बसवताना मान हलवली होती, पण नळवाले कायमच मान हलवतात. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यांवर पाणी चढेना. माणसं बादल्या घेऊन जिन्यात उभी राहिली. तक्रार अर्थातच दाब विभागाकडे आली, आणि दाब विभाग आपले दोन मदतनीस घेऊन स्वतःच्याच इमारतीत आला. मदतनीस नळीला कान लावत लावत जिना उतरले आणि माझ्या दारासमोर येऊन थांबले. "साहेब," त्यातला वयस्कर हलकेच म्हणाला, "अडतंय ते इथंच." बादल्या घेतलेल्या सगळ्या इमारतीने माझ्याकडे बघितलं. ज्याच्या घरामुळे दाब जातो तो दाबाचा साहेब, हे नाव मला जिन्यात अजून ऐकू येतं.

साहजिकच माझं प्रेशर वाढलं. डॉक्टरांनी विचारलं, "काही ताण आहे का?" मी म्हणालो, "छे." त्यांनी गोळी वाढवली. ती वाढवल्यावर माझे घोटे सुजले, आणि विमावाल्यांनी जिन्यात माझ्या घोट्यांकडे इतका वेळ बघितलं की मी पायमोजे घालायला लागलो.

हे सगळं मी हसत सांगतोय, कारण हसण्यासारखं होतं. पण मग एक्सरे काढायचा दिवस आला आणि हसणं संपलं. हाडांच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली, खाली ठेवली, पुन्हा धरली. "जेवढं भरून यायला हवं होतं तेवढं आलं नाही," ते म्हणाले. "गोळ्या, दूध नियमित आहे ना?" बायको जमिनीकडे बघत म्हणाली, "हो." मी म्हणालो, "अहो, दोघंही घेतो." डॉक्टर म्हणाले, "तुम्ही कशाला?"

परत येताना फिल्मची पिशवी तिने स्वतःच धरली होती. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर तिने विचारलं, "भांडारात पंखा असेल का हो?" मी म्हणालो, "असेल की." आणि मला एवढं वाईट वाटलं की मी तिची पिशवी तिच्या हातातून काढून घेतली. त्या पिशवीत नुसती फिल्म होती, तिला वजनच नव्हतं. तिच्या वर्गातून दरवर्षी नवी मुलं वाचायला शिकून बाहेर पडत होती, आणि तिला आता मोडक्या बाकांची राखण करावी लागणार होती. माझं प्रेशर, घोटे, किटली हे सगळं मला त्या कोपऱ्यावर फार क्षुल्लक वाटलं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी विमावाले दारात उभे राहिले. कडेवर हप्ता होता, आणि तो कडेवर मावत नव्हता. "साहेब, याला भिंतीवर उडी मारता येत नाही," ते म्हणाले. "जनावरांच्या डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, याला कोणीतरी पोटभर दूध पाजतंय, एकदा नाही, दिवसातून पुष्कळदा. मी तर याला दूध देतच नाही. आता मी गॅलरीत पाळत ठेवणार आहे. कोणी विष घालत असेल तर?" मी म्हणालो, "नक्की ठेवा." पुष्कळदा कसं, या विचारात मी पडलो. मी तर सकाळ-संध्याकाळच देत होतो.

पण सवय वाईट असते. दुधाची वेळ झाली, बायको पेला देऊन बेडरूमकडे गेली आणि माझे पाय आपोआप गॅलरीकडे वळले. विमावाले अजून आले नव्हते. हप्ता ताटलीपाशी बसला होता, पण नेहमीसारखा माझ्याकडे न बघता वर बेडरूमच्या खिडकीकडे बघत होता. मी वाकून पेला तिरपा केला. त्याच वेळी खिडकीतून एक डावा हात बाहेर आला. त्या हातात दुधाचा पेला होता. हाताने तो सरावाने, अंदाजाने, ताटलीच्या नेमका वर धरला आणि तिरपा केला. दूध माझ्या हातावर पडलं.

मी वर बघितलं. बायकोने खाली बघितलं. बोका माझा हात चाटायला लागला.

"तुम्ही दूध ओतताय?" ती म्हणाली.

"मी? तू काय करतेयस?"

"तुम्हाला चालत नाही ना," ती म्हणाली. "विमावाल्यांनी सांगितलं मला, पहिल्याच दिवशी. कॅल्शियमने नळ्या आवळतात म्हणून. तरी तुम्ही माझ्यासाठी पीत होता. मी थांबा म्हटलं तरी माझं मनगट बरं होईपर्यंत तुम्ही थांबणार नाही हे मला माहीत होतं. आणि मी थांबवलं असं सांगितलं असतं तर तुम्ही आकाशपाताळ एक केलं असतं."

"म्हणून तू..."

"तुम्हाला जे चालत नाही ते मी कसं पिऊ?"

"अगं, तुझं मनगट!"

"मनगट काय, एक आहे, दुसरंही आहे," ती म्हणाली. "तुम्ही किती आहात?"

मला गोळ्यांची आठवण झाली. मी विचारलं, "आणि कॅल्शियमच्या गोळ्या?" तिने गॅलरीतल्या कुंडीकडे बोट केलं. तिच्यातल्या तरारलेल्या रोपाकडे मी कितीतरी दिवस कौतुकाने बघत होतो. मला खूप राग यायला हवा होता. पण मी तसाच, कोपरापर्यंत दुधाने भिजलेला, खिडकीखाली उभा राहिलो. तिने डावा हात खाली करून माझ्या डोक्यावर ठेवला.

एवढ्यात गॅलरीच्या पलीकडच्या टोकाकडून विमावाल्यांचा आवाज आला. "सापडले," ते म्हणाले. मग आमच्याकडे नीट बघून म्हणाले, "चालू द्या, मी नंतर येतो."

डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. विमावाले साक्षीदार म्हणून आले होते. मी सगळं सांगितलं, नळीतल्या थरापासून कुंडीपर्यंत. डॉक्टर आधी खूप हसले, मग हसायचे थांबले, मग त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"मी त्या दिवशी पुढे सांगत होतो," ते म्हणाले, "पण तुमचं लक्ष नव्हतं. अहो, तुमची नळी आणि रक्तवाहिनी यांत फरक आहे. तुमच्या नळीत थर बसतो. इथे प्रश्न थराचा नाही, स्नायूच्या पेशीत कॅल्शियम कधी आणि किती शिरतं याचा आहे. ते गोळी बघते. तुम्ही किती दूध प्यालात यावर ते ठरत नाही."

"पण दूध बंद केलं तर रक्तात कमी नाही का होणार?" मी विचारलं. पाणीपुरवठ्याचा माणूस सहजासहजी हार मानत नाही.

"नाही होणार. रक्तातलं कॅल्शियम शरीर ठरलेल्या पातळीवर ठेवतंच. हृदय त्यावर चालतं, स्नायू त्यावर चालतात. तुमच्या टाकीत वरून पाणी आलं नाही तर तुम्ही काय करता?"

"राखीव साठ्यातून घेतो."

"शरीराचा राखीव साठा म्हणजे हाडं," डॉक्टर म्हणाले. "उलट खाण्यात पुरेसं कॅल्शियम असलेल्यांचं प्रेशर थोडं बरंच राहतं असं दिसतं. म्हणजे दूध सोडून तुमच्या रक्तवाहिन्यांना काही फायदा झाला नाही. आणि बाईंच्या बाबतीत..." ते थांबले. त्यांना थांबावं लागलं, कारण बायकोने आपलं उजवं मनगट पदराखाली घेतलं होतं.

मी विचारलं, "सुट्टी संपेपर्यंत होईल का?"

"नुसत्या दुधाने हाड जुळत नाही. व्यायाम लागतो, वेळ लागतो. मी शब्द देणार नाही. पण आजपासून दोघांनी प्या, एकमेकांसमोर बसून, आणि पेला उलटा करून दाखवा." मग त्यांनी विमावाल्यांकडे वळून विचारलं, "यांना हा सल्ला कोणी दिला होता?" विमावाले छताकडे बघत म्हणाले की ते बोक्याला घेऊन यायला विसरले.

त्यानंतर आम्ही फार साधे दिवस काढले. सकाळी आणि संध्याकाळी समोरासमोर बसून दूध प्यायचो आणि पेले उलटे करायचो. यंत्र निघालं, पलंग भिंतीला लागला. तिला टॉवेल पिळायचा व्यायाम होता. मी टॉवेलचं एक टोक धरायचो, ती दुसरं टोक पिळायची. सुरुवातीला टॉवेलमधून थेंब निघायचा नाही आणि तिच्या कपाळावर घाम यायचा. मी म्हणायचो, "आज जरा सुटलं पाणी." ती म्हणायची, "खोटं बोलू नका, ते तुमच्या बाजूने सुटलं." मग पुन्हा पिळायची. दुखलं की ओठ घट्ट मिटायची, आणि मी दुसरीकडे बघायचो. विमावाले रोज खिडकीपाशी येऊन विचारून जायचे, आणि एकदा तर त्यांनी स्वतःचा एक जाड टॉवेल आणून दिला. सल्ला मात्र दिला नाही.

सुट्टी संपत आली. मुख्याध्यापिकांनी निरोप पाठवला की हाताला पकड आली आहे असं डॉक्टरांनी सांगितलं तर पहिलीचा वर्ग, नाहीतर भांडार. हाडांचे डॉक्टर बाहेरगावी होते. आमच्या डॉक्टरांनी "माझ्याकडे या" म्हणून सांगितलं.

त्या सकाळी बायकोने तीन वेळा साडी बदलली आणि मी दोनदा कुलूप लावलेलं दार उघडून बघितलं. दवाखान्यात डॉक्टरांनी प्रेशरचं यंत्र पुढे ओढलं. मी सवयीने बाही वर करायला लागलो. ते म्हणाले, "तुमचं नाही." त्यांनी दंडाला बांधायचा पट्टा गुंडाळून त्याची वळकटी केली, तिच्यात थोडी हवा भरली आणि ती बायकोच्या उजव्या तळव्यात ठेवली. "आता जेवढं दाबता येईल तेवढं दाबा. पारा किती चढतो त्यावर पकड कळते."

तिने माझ्याकडे बघितलं. मग डोळे मिटले आणि दाबलं.

पारा जरासा हलला. थांबला. तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली, मनगट थरथरायला लागलं आणि मला वाटलं, आता ती सोडून देणार. ती सोडेना. पारा पुन्हा हलला आणि चढायला लागला. त्या यंत्रातल्या पाऱ्याने खाली यावं म्हणून मी इतके दिवस देव पाण्यात घातले होते, आणि आता खुर्चीच्या टोकावर बसून मी मनात म्हणत होतो की वर जा, अजून थोडा वर जा बाबा. तो चढत चढत गेला. डॉक्टर वाकून बघत होते. एका जागी त्यांनी बोट टेकवलं. पारा त्या बोटाच्या वर गेला.

"खडूला एवढं पुष्कळ झालं," डॉक्टर म्हणाले. "सांगा तुमच्या मुख्याध्यापिकांना, फळा पुसून ठेवा म्हणावं."

बायकोने हात सैल केला आणि तो मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसली, जणू तो दुसऱ्या कोणाचा तरी होता आणि आता परत मिळाला होता. मग ती हसली. इतक्या महिन्यांत मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं.

डॉक्टरांनी पट्टा सोडवून झटकला आणि माझ्याकडे वळले. "चला, आलाच आहात तर तुमचंही बघून टाकू. हात द्या."

"नका हो डॉक्टर," बायको म्हणाली. "थोडं थांबा. त्यांचे डोळे पुसून होऊ द्या."